ऊती ओळखायला शिका: कोंबडीच्या तंगडीपासून स्वतःच्या मनगटापर्यंत

गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत नाहीतर कोकणीत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जातात. नववीच्या विज्ञानात ऊतींचा धडा येतो तोवर पाठांतराची सवय पक्की झालेली असते. एपिथेलियल, कनेक्टिव्ह, मस्क्युलर, नर्व्हस ही चार नावं मुलं घडाघडा म्हणतात. पण ‘यातली कनेक्टिव्ह तुझ्या हातावर कुठे आहे, बोट ठेव’ म्हटलं की वर्ग गप्प होतो. फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षं विज्ञान शिकवते आहे. हा धडा पुस्तकातून सुरू केला की तो पुस्तकातच राहतो आणि स्वयंपाकघरातून सुरू केला की अंगात मुरतो, हे मी दरवर्षी पाहते.

म्हणून हा लेख. नववीच्या मुलांसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि नर्सिंगला किंवा लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नुकताच प्रवेश घेतलेल्यांसाठीही. लागणारं सामान थोडं आहे: कोंबडीची एक तंगडी, अर्धी बाटली व्हिनेगर, जमल्यास शाळेतला सूक्ष्मदर्शक आणि आपलं स्वतःचं अंग. श्रावणात घरी मासे-मटण बंद असेल तर तंगडीची पायरी गणपती झाल्यावर करा. बाकीचं आजच सुरू करता येईल.

आधी शब्द

पेशी म्हणजे शरीराची सर्वांत लहान जिवंत वीट. सारख्या घडणीच्या, एकाच कामाला जुंपलेल्या पेशी आणि त्यांच्या आजूबाजूचा माल मिळून होते ती ऊती. तो ‘आजूबाजूचा माल’ लक्षात ठेवा. पुढे हाड आणि रक्त एकाच घराण्यातले कसे, हे त्याच्यावरूनच कळेल.

संस्कृतात ऊति म्हणजे विणणं, शिवणं. ‘ओतप्रोत’ मधला ‘ओत’ त्याच धातूचा. इंग्रजीतला टिश्यू हा शब्दही फ्रेंचमधल्या विणलेल्या कापडाच्या शब्दावरून आला. या विषयाचा पाया घालणारा झेवियर बिशा हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ १८०२ साली अवघ्या तिशीत वारला. त्याआधी त्याने माणसाच्या शरीरातल्या २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या करून मांडल्या होत्या, आणि त्याही सूक्ष्मदर्शकाला हात न लावता. तो ऊती उकळायचा, वाळवायचा, पाण्यात कुजवायचा, आम्लात टाकायचा आणि कोण टिकतं, कोण विरघळतं ते बघायचा. आज आपण २१ ऐवजी चार मुख्य गट मानतो, पण बिशाची पद्धत घरात करण्यासारखी आहे. आपण तीच करणार आहोत.

आणखी एक इशारा. मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारं मांस. हिंदीत त्यालाच मांसपेशी म्हणतात, आणि तिथे स्नायु शब्द कधी अस्थिबंधासाठी (हाडाला हाड बांधणारी पट्टी) तर कधी मज्जातंतूसाठी (नस) येतो. आपली मुलं मराठी वाचतात, हिंदी व्हिडिओ बघतात आणि परीक्षा इंग्रजीत देतात. इथला गोंधळ मी दरवर्षी उत्तरपत्रिकांत पाहते. वहीच्या पहिल्या पानावर तीन भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवा.

पहिली पायरी: तंगडी सोला

बाजारात कोंबडी घेताना एक तंगडी नखांच्या पंजासकट, न तोडता मागून घ्या. गावठी असेल तर उत्तम, तिच्यात सगळं घट्ट आणि स्पष्ट असतं. कच्च्या कोंबडीत पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, म्हणून वेगळी पाटी आणि वेगळी सुरी घ्या आणि काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. लहान मुलांना सुरी देऊ नका, बघायला मात्र जरूर बसवा.

कातडी एका टोकाला चिमटीत धरून सावकाश ओढा. कातडी आणि मांस यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे ताणले जाताना दिसतील, मग तुटतील. घाईत हे नेमकं निसटतं. ती विरल संयोजी (कनेक्टिव्ह) ऊती. कातडीला मांसावर धरून ठेवायचं आणि तरी सरकायला जागा द्यायची, हे तिचं काम. आपल्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून हलवा. ती सरकते, ती याच ऊतीमुळे.

कातडीच्या आत पिवळे गोळे चिकटलेले असतील, ती मेद ऊती. मांसावर काचेसारखं पातळ वेष्टन असेल, तीही संयोजीच. मग मांस: नीट पाहा, ते एका दिशेने जाणाऱ्या जुड्यांचं बनलेलं आहे. या जुड्या म्हणजे स्नायू ऊती. जुडीच्या टोकाला मांस संपतं आणि मोत्यासारखी चमकणारी पांढरी दोरी सुरू होते, ती स्नायुरज्जू. पंजाच्या वर, मागच्या बाजूच्या या दोऱ्या मोकळ्या करा आणि एकेक ओढून बघा. मेलेल्या कोंबडीची बोटं मिटतात! पुढच्या बाजूची दोरी ओढा, बोटं उघडतात. माझ्या वर्गातली घाबरी मुलंसुद्धा इथे पुढे सरकतात. बोटात मांस नाही, ओढणारा स्नायू वर पोटरीत बसला आहे आणि दोरीने काम करतो आहे, हे एकदा हाताने ओढून पाहिलं की सांगावं लागत नाही. मग स्वतःचं मनगट समोर धरून बोटं हलवा. कातडीखाली त्याच दोऱ्या वर-खाली होताना दिसतील.

आता मांडीचे स्नायू अंगठ्याने अलग करा. दोन जुड्यांच्या फटीत, रक्तवाहिनीच्या सोबतीने जाणारा शिवणाच्या जाड दोऱ्याएवढा पांढरा, मऊ तंतू दिसेल. तो स्नायुरज्जू नाही, कारण तो हाडाला चिकटून संपत नाही, पुढे फांद्या फोडत जातो. ती चेता, म्हणजे नस. शेवटी सांधा उघडा: हाडांच्या टोकांवर निळसर पांढरं, गुळगुळीत, नखाने किंचित दबणारं आवरण असतं. ती कास्थी, बोलीत कूर्चा. एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्या म्हणजे अस्थिबंध.

कातडीचा वरचा थर हा झाकणाऱ्या ऊतीचा, तो धरून एका तंगडीत चारही गट सापडले. मांस भाजीला लावा. दोन हाडं मात्र स्वच्छ करून ठेवा. एक हाड बरणीत पूर्ण बुडेल इतक्या व्हिनेगरमध्ये घाला. गोव्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळतं, तेही चालेल. दर दिवसाआड ते बदला. दुसरं हाड उन्हात वाळवा. या दोघांकडे आपण शेवटी परत येऊ.

दुसरी पायरी: झाकणारी ऊती

अंगाच्या बाहेर आणि आत जिथे जिथे पृष्ठभाग आहे तिथे तिथे अभिस्तर (एपिथेलियल) ऊती आहे. कातडीचा वरचा थर, तोंडाचं, अन्ननलिकेचं, आतड्याचं, श्वासनळीचं, रक्तवाहिन्यांचं अस्तर, सगळं हिचंच. पेशी एकमेकींना इतक्या खेटून की मधल्या जागेत माल जवळजवळ नाहीच. दुसरी मोठी खूण म्हणजे हिच्यात रक्तवाहिन्या नसतात. खालच्या संयोजी ऊतीतून जे झिरपेल त्यावर ती जगते.

हे आमच्याकडे कोणाला वेगळं सांगायला नको. काजूच्या मोसमात भाजलेली बी सोलताना सालीतलं तेल बोटांना लागतं. बायका हाताला राख लावून बसतात, तरी एखादीला भाजल्यासारखा फोड येतोच. तो फोड जवळून पाहा. वरचं पांढरं साल म्हणजे खालून सुटून आलेला अभिस्तर, आत स्वच्छ पाणी, रक्ताचा थेंब नाही. वरच्या सालीला टाचणी लावली तर दुखतही नाही. साल निघाल्यावर खालचा लाल, ओला, झोंबणारा भाग उघडा पडतो. तिथे रक्त आहे, नसा आहेत, ती संयोजी ऊती. म्हणूनच फोड फोडू नये. ते साल हेच उत्तम बँडेज आहे.

कातडीच्या अभिस्तराच्या तळाशी पेशी सतत विभागत असतात आणि वर ढकलल्या जात जात, चपट्या होऊन, मरून गळून पडतात. तळापासून वरपर्यंतचा हा प्रवास साधारण चार आठवड्यांचा. लहान आतड्याचं अस्तर तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. गालाच्या आत चुकून चावलं तर जखम इतक्या लवकर का भरते, ते यावरून समजावं.

गालाच्या पेशी प्रत्यक्ष बघणं फार सोपं आहे. चूळ भरा. टूथपिकच्या बोथट बाजूने गालाच्या आतून हलकेच दोन-तीनदा खरवडा. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून त्यात टूथपिक फिरवा. मिथिलीन ब्लूचा एक थेंब, मिनिटभर थांबा, आणि कव्हरस्लिप तिरपी टेकवून सावकाश सोडा. सरळ आपटली तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुलं त्या काळ्या कडेच्या गोल बुडबुड्यांनाच पेशी समजून चित्र काढतात. आधी १० पटीची भिंग, मग ४० ची. फिकट निळ्या, वेड्यावाकड्या चपट्या पेशी दिसतील, कडा दुमडलेल्या पोळ्यासारख्या, आणि मधोमध गडद ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. टूथपिक प्रत्येकाची वेगळी आणि वापरून झाली की लगेच टाकायची.

गालाच्या या चपट्या पेशी एकावर एक थरांनी रचलेल्या असतात, कारण तिथे घर्षण आहे. फुप्फुसाच्या वायुकोशात असाच चपटा थर असतो, पण एकच पेशी जाड, कारण तिथून प्राणवायू पलीकडे जायचा आहे. जिथे शोषायचं आणि पाझरायचं आहे तिथे पेशी उंच, खांबासारख्या (आतडं) किंवा चौकोनी ठोकळ्यासारख्या (मूत्रपिंडाच्या नलिका). आकार पाठ करू नका. ‘इथे काय काम आहे?’ असं विचारा, आकार आपोआप सुचेल.

श्वासनळीत खांबांच्या डोक्यावर बारीक केस असतात. धूळ चिकट द्रवात अडकते आणि हे केस लाटेसारखे हलून ती घशाकडे लोटतात. डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाण पट्ट्यात ट्रकांच्या मागे लाल धूळ ज्यांनी गिळली आहे, त्यांना सकाळी खाकरून पडणारा लालसर कफ आठवेल. त्या कफाबरोबर धूळ बाहेर आणून टाकतात ते हे केस. सिगारेटच्या धुराने ते मंदावतात आणि मरतात, मग खोकला हाच एक मार्ग उरतो.

तिसरी पायरी: धरणारी, बांधणारी, वाहणारी

संयोजी ऊतीत गणित उलटं. पेशी विखुरलेल्या आणि मधला माल भरपूर. माल कसा आहे यावर ऊतीची जात ठरते: माल घट्ट खनिजाचा तर हाड, रबरासारखा तर कास्थी, दोरखंडासारखा तर स्नायुरज्जू आणि अस्थिबंध, पातळ तर रक्त. रक्त संयोजी ऊती कसं, हा प्रश्न दरवर्षी येतो. हे त्याचं उत्तर. मोठ्या माणसात सुमारे पाच लिटर रक्त असतं, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग म्हणजे पिवळसर प्लाझ्मा, आणि त्यात पेशी तरंगतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. हाडांच्या मज्जेत दर सेकंदाला २० लाखांच्या वर नव्या तांबड्या पेशी तयार होत असतात. रक्तदान केल्यावर दुसऱ्या वेळेआधी पुरुषांना तीन आणि बायकांना चार महिने थांबायला सांगतात, ते हा भरणा पुरा व्हावा म्हणून.

कास्थी दाखवायला गोव्यासारखी जागा नाही, कारण इथे मोरी हा मासा खातात. आंबट-तिख या कालवणासाठी मोरीचा तुकडा आणला की लक्ष द्या: बांगड्यासारखा काटा नाही. मधे पांढरा, लवचिक मणका आहे, तो सुरीने कापला जातो. मोरी म्हणजे शार्क, आणि शार्कचा सगळा सांगाडा कास्थीचा असतो. बांगड्याचा काटा आणि मोरीचा मणका एका ताटात ठेवा. हाड आणि कास्थी यांतला फरक नववीच्या पुस्तकात अर्ध्या पानात आहे, इथे तो एका घासात कळतो.

माणसाच्या अंगात कास्थी कानाच्या पाळीच्या वरच्या भागात, नाकाच्या शेंड्यात, सांध्यांत आणि श्वासनळीत. गळ्याच्या पुढे खाली हळू बोट फिरवा, कडी लागतील. या कडी मागून उघड्या असतात. मागे अन्ननलिका आहे, मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा हवी. कास्थीत रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. म्हणून गुडघ्यातली कास्थी झिजू लागली तरी सुरुवातीला पत्ता लागत नाही, आणि झिजली की ती जवळजवळ भरून येत नाही.

हाडाचं तसं नाही. हाड जिवंत आहे, त्याच्या आत बारीक नळ्यांतून रक्तवाहिन्या जातात, ते मोडलं तर रक्त येतं. म्हणूनच ते जुळतं, बहुधा काही आठवड्यांपासून काही महिन्यांत.

दोन पावसाळ्यांपूर्वी विहिरीच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून माझा पाय घसरला आणि घोटा आतल्या बाजूला वळला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. ‘हाड नाही ना मोडलं, मग काही नाही’ असं सगळ्यांनी म्हटलं, मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एकीकडून कोमट तेलाने जोरात चोळून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत घोटा फुगून चप्पल चढेना. दुखणं तीन महिने राहिलं. ताणला गेला होता अस्थिबंध. अस्थिबंधाला रक्तपुरवठा थोडा, म्हणून तो सावकाश भरतो, आणि ताज्या दुखापतीत चोळलं की फाटक्या बारीक वाहिन्यांतून आणखी स्राव होतो. तेव्हापासून मी मुलांना सांगते: मुरगळल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पाय उशीवर उंच, आणि चोळणं बंद. पाय टेकवतच नसेल तर डॉक्टरकडे जा.

स्नायुरज्जू आणि अस्थिबंध यांची सरमिसळ सगळ्यांची होते. तंगडीवर जे ओढून बोटं हलली ती रज्जू: स्नायू ते हाड. सांध्यात जे कापल्याशिवाय हाड सुटलं नाही तो अस्थिबंध: हाड ते हाड. दोन्ही कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे. पायाचं सूप रात्रभर राहिलं की जेलीसारखं थिजतं, ते उकळून सुटलेलं कोलॅजेन.

मेद ऊतीबद्दल लोक फक्त वाईट बोलतात. ती ऊर्जेचा साठा आहे, अंग गरम ठेवते, मूत्रपिंडाभोवती आणि तळपायाखाली गादीचं काम करते.

चौथी पायरी: ओढणारी

स्नायू ऊतीचं एकच काम, आखूड होणं. ती कधीही ढकलत नाही. हात वाकवणारा स्नायू पुढे, सरळ करणारा मागे, म्हणून जोड्या लागतात. माणसात ६०० च्या वर कंकाल स्नायू आहेत, आणि वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचा असू शकतो. यांच्या पेशी लांब दोऱ्यासारख्या, एकीत अनेक केंद्रकं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे, म्हणून पट्टकी स्नायू.

पुढचा बांगडा साफ कराल तेव्हा कातडी काढून बाजू बघा. मधोमध तांबूस काळपट पट्टा जातो, वर-खाली फिकट मांस. तो गडद पट्टा दिवसभर न थकता पोहण्यासाठी. त्यात प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन भरपूर आहे. फिकट मांस अचानक झेप घेण्यासाठी, ते लवकर थकतं. कोंबडीची तंगडी गडद आणि छातीचं मांस पांढरं, तेही याच कारणाने: ती दिवसभर चालते, उडते क्वचित. आपल्यातही दोन्ही जातीचे तंतू आहेत, फक्त एकमेकांत मिसळलेले.

दुसरी जात अपट्टकी स्नायू. दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी, पट्टे नाहीत, आपल्या हुकमात नाहीत. आतड्यात, मूत्राशयात, गर्भाशयात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत. पहिल्या पावसाच्या गार वाऱ्याने हातावर काटा येतो, तो प्रत्येक केसाच्या मुळाशी बसलेल्या अपट्टकी स्नायूच्या इवल्या तुकड्याने केस ओढल्यामुळे. मनात आणून काटा आणून दाखवा म्हटलं तर जमत नाही, यावरून अनैच्छिक म्हणजे काय ते मुलांना कळतं.

तिसरी जात फक्त हृदयात. पट्टे आहेत पण हुकमात नाही. पेशींना फांद्या आहेत, आणि शेजारच्या पेशीला त्या विशेष चकतीसारख्या सांध्यांनी जोडलेल्या, म्हणून ठोक्याचा इशारा एकीकडून दुसरीकडे विनाअडथळा जातो आणि सगळं हृदय एकसाथ आवळतं. मिनिटाला ७२ धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके. मात्र हृदयाचा स्नायू मेला तर त्या जागी स्नायू येत नाही, व्रण येतो. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम असं झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून तासभर काढू नका. प्रत्येक मिनिटाला जी ऊती जाते ती परत मिळणारी नसते.

पाचवी पायरी: निरोप नेणारी

आपण बोलताना ‘शीर’ हा शब्द चार गोष्टींना वापरतो. हातावरची निळी शीर म्हणजे रक्तवाहिनी. ‘मानेची शीर आखडली’ म्हणजे बहुधा स्नायू. ‘शीर तुटली, बोट हलत नाही’ म्हणजे स्नायुरज्जू. आणि खऱ्या नसेलाही शीरच. बोलण्यात चालतं, जखमेत चालत नाही.

चेतापेशीला एक गाभा, त्याला झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका आणि एक लांब शेपूट, चेताक्ष. वृक्षिकांतून निरोप येतो, चेताक्षातून जातो. कमरेपासून पायाच्या बोटाकडे जाणारा चेताक्ष जवळजवळ मीटरभर लांब असतो, आणि ती एकच पेशी! अशा चेताक्षांच्या जुडीला आपण नस म्हणतो. तंगडीत सापडलेला तंतू ही तीच जुडी, आणि ती पांढरी दिसली कारण चेताक्षांभोवती मायलिन नावाचं मेदयुक्त वेष्टन असतं. सर्वांत वेगवान चेताक्षांत निरोप सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो. या वेगाने पेडण्याहून काणकोणला पाव तासात पोचता येईल.

आता मनगटाची गोष्ट. नारळ सोलताना किंवा कुळागरात काम करताना कोयता मनगटावर बसणं आमच्याकडे नवं नाही. रक्त थांबलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात. थांबू नका. दाबून पट्टी बांधल्यावर दोन गोष्टी तपासा. प्रत्येक बोट वेगवेगळं मिटून-उघडून बघा: एखादं हलत नसेल तर रज्जू तुटलेली असू शकते. मग डोळे मिटायला सांगून प्रत्येक बोटाच्या शेंड्याला दोन्ही बाजूंनी हलका स्पर्श करा: कुठे कळत नसेल तर नस गेलेली असू शकते. दोन्हीपैकी काहीही असेल तर लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जा, कारण ताज्या जखमेत टोकं जुळवणं सोपं असतं. तुटलेली नस शिवल्यावर चेताक्ष दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुढे वाढतो. मनगट ते बोटाचा शेंडा १८ सेंटीमीटर धरा, म्हणजे १८० दिवस. सहा महिने बोट बधिर राहिलं म्हणून धीर सोडू नये, एवढं त्या घरातल्यांना आधी कोणीतरी सांगायला हवं.

हातापायांच्या नसांना हे जमतं. मेंदू आणि मेरुरज्जूतले चेताक्ष असे परत वाढत नाहीत. माडावरून पडलेल्या माणसाला म्हणूनच हात-पाय धरून झोळीत उचलू नये. मान आणि पाठ जराही न वाकवता, सरळ फळीवर चार माणसांनी मिळून न्यावं आणि शक्यतो १०८ ची वाट बघावी.

सहावी पायरी: एका अवयवात चारही शोधा

नावं कळली की जठर घ्या. आतलं अस्तर अभिस्तर, ते आम्ल आणि चिकट द्रव पाझरतं. त्याखाली रक्तवाहिन्या धरून ठेवणारी संयोजी. मग अपट्टकी स्नायूंचे थर, ते अन्न घुसळतात. त्यांना वेळ सांगणारी चेता ऊती. असंच कातडीचं करा, मग रक्तवाहिनीचं. वहीत आडवा छेद काढून चार रंगांनी रंगवा.

ज्यांच्या घरात कोणाची बायोप्सी झाली आहे त्यांना हे ज्ञान लगेच कामी येतं. पणजीत १८४२ साली पोर्तुगिजांच्या काळात वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिचा वारसा आज बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) चालवतं. तिथे काय किंवा इतर कुठल्या इस्पितळात काय, काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकतात, मेणात बसवतात, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे पातळ काप काढतात आणि रंगवतात. केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकीचं गुलाबी. म्हणून अहवाल यायला काही दिवस लागतात, त्याचा अर्थ काही वाईट आहे असा नव्हे. अहवालात कार्सिनोमा लिहिलं असेल तर गाठ अभिस्तर ऊतीतून आलेली, सार्कोमा असेल तर हाड, स्नायू, मेद अशा ऊतींतून. मोठ्या माणसांतले बहुतेक कर्करोग पहिल्या जातीचे असतात. सतत विभागणारी आणि धूर, तंबाखू, ऊन यांचा मारा प्रथम झेलणारी ऊती तीच. पुढचा अर्थ डॉक्टरकडून समजून घ्या, पण निदान शब्द ओळखीचा असला की प्रश्न विचारता येतो.

सातवी पायरी: बरणी उघडा

पाचव्या-सहाव्या दिवशी व्हिनेगरमधलं हाड काढा, पाण्याने धुवा आणि दोन्ही टोकांना धरून वाकवा. ते रबरासारखं वाकेल. व्हिनेगरच्या आम्लाने कॅल्शियमचे क्षार विरघळवून नेले, मागे राहिले ते कोलॅजेनचे धागे. अजून कडक असेल तर आणखी दोन दिवस ठेवा, जाड हाडाला वेळ लागतो.

वाळवलेलं हाड चुलीच्या निखाऱ्यात, मोकळ्या जागी, धूर विझेपर्यंत जळू द्या. आधी काळं पडेल, मग पांढरं. थंड झाल्यावर चिमट्याने दाबा. त्याचा आकार तसाच असेल, पण ते खडूसारखं चुरेल, कारण आता धागे जळाले आणि क्षार राहिले. दोन्ही हाडं एका ताटलीत शेजारी ठेवा, मुलांना एक वाकवू द्या आणि एक चुरू द्या. चुऱ्याचा हात डोळ्यांना लागू देऊ नका.